हप्ते थकले म्हणून ट्रॅक्टर ओढून नेला, तर कोर्ट कागद बघतं की व्यवहार?

कवठे येमाई, मलठण, टाकळी हाजी. शिरूर तालुक्याच्या या पट्ट्यात ऊस आहे, कांदा आहे आणि दारात ट्रॅक्टर आहे. रोख पैसे मोजून घेतलेला ट्रॅक्टर मात्र शोधावा लागेल. बाकीच्यांच्या आरसी बुकवर मालकाच्या नावाखाली बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असतं. कुणी त्याला बोजा म्हणतं, कुणी एचपी. एचपी उतरली की गाडी आपली, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं.

पण एचपी उतरेपर्यंत गाडी कुणाची?

कांद्याचा भाव पडतो, दोन-तीन हप्ते थकतात आणि एक दिवस चार माणसं येऊन ट्रॅक्टर घेऊन जातात, तेव्हा हा प्रश्न उभा राहतो. फायनान्सवाल्यांचं उत्तर तयार असतं. करारात लिहिलंय, खाली सही तुमचीच आहे. आणि करार खरोखर तसाच असतो. हप्ता चुकला की वस्तू उचलायचा अधिकार कंपनीला, भरलेले पैसे परत नाहीत, दंड कंपनी ठरवेल तो, वाद झाला तर लवाद कंपनीच नेमणार, आणि तो बसणार मुंबईत, चेन्नईत नाहीतर कोलकात्यात.

असा एकतर्फी करार कोर्टात टिकतो का? उत्तर ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या मध्ये कुठेतरी आहे. ते नेमकं कुठे आहे हे समजून घ्यायचं, तर आधी भाडेखरेदी म्हणजे काय ते बघावं लागेल आणि मग याच शिरूर तालुक्यात दीडशे वर्षं मागं जावं लागेल.

भाडं भरा, मालक व्हा

एचपी म्हणजे हायर पर्चेस, साध्या मराठीत भाडेखरेदी. सरकारी मराठीत त्याला ‘अवक्रय’ म्हणतात, पण तो शब्द कुणाच्या तोंडी नाही.

यात कंपनी डीलरकडून वस्तू विकत घेते आणि ग्राहकाला भाड्यानं देते. दर महिन्याचा हप्ता हे कायद्यानं भाडं असतं. सगळे हप्ते फिटले की वस्तू विकत घ्यायचा पर्याय ग्राहकाला मिळतो. तोपर्यंत मालक कंपनी. छत्तीसपैकी पस्तीस हप्ते भरले तरी मालक कंपनीच. १८९५ साली लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सनं एका पियानोच्या खटल्यात ही मांडणी पक्की केली. तो पियानो भाड्यानं नेणाऱ्यानं परस्पर गहाण टाकला होता, आणि ‘तो त्याचा नव्हताच’ म्हणून मूळ मालकाला परत मिळाला. पुढे आपल्याकडेही भाडेखरेदीचा विचार याच वाटेनं झाला.

दुसरा प्रकार नजरगहाणाचा, म्हणजे हायपोथिकेशनचा. यात मालक ग्राहकच असतो, कंपनीनं कर्ज दिलेलं असतं आणि वस्तू तारण असते. बोलताना दोन्हींना एचपीच म्हणतात, आणि इथेच गडबड होते. भांडणात पहिला प्रश्न हाच असतो की करार भाड्याचा आहे की कर्जाचा.

गंमत म्हणजे हा प्रश्न सुप्रीम कोर्टात सोडवून घेतला तो फायनान्स कंपनीनंच. १९६६ सालचं सुंदरम फायनान्स विरुद्ध केरळ सरकार हे प्रकरण विक्रीकराचं होतं. कर लागू नये म्हणून कंपनीचं म्हणणं होतं की कागदावर भाडेखरेदी लिहिली असली तरी आम्ही फक्त पैसे पुरवलेत, हे खरं तर कर्जच आहे. कोर्टानं बहुमतानं ते मान्य केलं आणि सांगितलं की कागदाच्या मागं जाऊन व्यवहाराचं खरं स्वरूप बघायचा अधिकार कोर्टाला आहे.

म्हणजे कागदाच्या मागं जाता येतं. फक्त तिथं जायला सांगणारा कंपनी होती, शेतकरी नव्हता.

कर्डे, १८७४

आता शिरूरची गोष्ट.

१८७४ सालाच्या शेवटी तालुक्यातल्या कर्डे गावात कालूराम नावाच्या सावकारानं तिथल्या देशमुखांविरुद्ध १५० रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यावर त्यांचं घर पाडायला घेतलं. कायद्यानं सगळं बरोबर होतं. कोर्टानं कागद बघितला, सही बघितली, हुकूमनामा दिला. पण गाव बिथरलं. सावकारांवर बहिष्कार पडला आणि ते लोण आजूबाजूला पसरलं. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात भडका उडाला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत लोकांनी सावकारांची घरं गाठली ती मुख्यतः खतं आणि रोखे मिळवायला. मिळाले ते कागद जाळले. राग ज्या कागदांवर होता, ते हे. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

इंग्रज सरकारनं चौकशी आयोग नेमला. आयोगासमोर आलेल्या तक्रारींचा सूर एकच होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाकडून अंगठा घेतला जातो, आकडा सावकार लिहितो आणि कोर्ट अंगठ्यालाच पुरावा मानतं. त्यातून १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांनाच लागू होता.

या कायद्यानं न्यायाधीशाला जे करायला लावलं ते त्या काळात अचाट होतं. शेतकरी आणि सावकाराच्या खटल्यात रोख्यावरच्या आकड्यावर थांबायचं नाही. पहिल्या दिवसापासून व्यवहाराचा इतिहास काढायचा, मुद्दल किती दिली ते बघायचं, व्याजावर व्याज धरायचं नाही, हिशेब नव्यानं मांडायचा. ‘मागचा हिशेब मान्य आहे’ असं शेतकऱ्यानं लिहून दिलेलं असलं तरीही. फेड हप्त्यानं करून द्यायची मुभा कोर्टाला होती. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद बंद झाली. भरलेल्या पैशाची पावती आणि दरवर्षीचा हिशेब मागायचा हक्कही मिळाला.

सावकारांनी यावर तोड काढली, आणि ही तोड म्हणजे आजच्या ‘भाडं भरा, मालक व्हा’चा जुना अवतार होता. कर्जरोखा किंवा गहाणखत घेतलं की कोर्ट हिशेब काढणार. मग थेट खरेदीखतच करून घ्यायचं. शेतकऱ्यानं जमीन विकली असं दाखवायचं आणि तीच जमीन त्यालाच खंडानं कसायला द्यायची. पैसे फिटले की जमीन परत, हे फक्त तोंडी. खंड म्हणजे मुळात व्याज, पण कागदावर जमीनमालक आणि कूळ. लेखी कराराविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, असं पुरावा कायद्याचं कलम ९२ सांगत होतं, त्यामुळे शेतकऱ्याचं तोंड बंद.

ही पळवाट बुजवायला १९०७ साली कायद्यात कलम १०-अ घातलं गेलं. कलम ९२ काहीही म्हणो, व्यवहार खरा कशाचा होता हे तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला. खरेदीखत दिसत असलं तरी ते गहाण होतं, असं शेतकरी तोंडी पुराव्यानं सांगू शकत होता.

शिरूरच्या शेतकऱ्याला कागदाच्या मागं जाऊन दाद मागायचा हक्क इतक्या स्पष्टपणे नंतर क्वचितच मिळाला असेल. १९४७ च्या कर्जनिवारण कायद्यानं हा जुना कायदा मोडीत निघाला. दरम्यान १९२९ मध्ये मालमत्ता हस्तांतरण कायद्यात बदल होऊन परतफेडीची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल तर व्यवहार गहाण मानायचा नाही, असा नियमही आला होता. ‘मुदत खरेदी’चे कित्येक दावे आजही इथेच अडकतात.

वाट पूर्ण बंद झालेली नाही. नागपूरच्या एका बाईनं १९५३ साली २,००० रुपयांच्या कर्जापोटी आपल्या घराचं नावापुरतं खरेदीखत करून दिलं होतं, पुढे भाडेचिठ्ठीही. सावकार बाईनं त्या भाडेचिठ्ठीवर लघुवाद न्यायालयातून हुकूमनामा मिळवला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८१ साली निकाल घर गमावू पाहणाऱ्या बाईच्या बाजूनं लागला. कोर्टानं म्हटलं की कागदातली अट बदलायला तोंडी पुरावा चालणार नाही, पण हा कागद अमलात आणायचाच नव्हता, तो देखावा होता, हे सांगायला चालेल.

बारीक फरक आहे. पण घर त्या बारीक फरकावरच वाचलं.

कंपनी समोर असेल तर

जमिनीकडून ट्रॅक्टरकडे येऊ.

भाडेखरेदीसाठी संसदेनं १९७२ साली स्वतंत्र कायदा केला होता. किमतीचा ठराविक हिस्सा फिटला की कोर्टाच्या परवानगीशिवाय वस्तू उचलता येणार नाही, अशी तरतूद त्यात होती. इंग्लंडमध्ये हे संरक्षण १९३८ पासून आहे. तिथं एक तृतीयांश रक्कम भरली की कोर्टाशिवाय वस्तूला हात लावता येत नाही. आपला कायदा मात्र कधी अमलातच आला नाही. तेहेतीस वर्षं तो पुस्तकात पडून राहिला आणि २००५ मध्ये रद्द झाला. त्यामुळे भाडेखरेदीच्या ग्राहकासाठी खास असा कायदा आज भारतात नाही, आणि कोर्टांना १८७२ च्या करार कायद्यातूनच मार्ग काढावा लागतो.

तो मार्ग कसा निघतो, ते १ ऑक्टोबर २०२० च्या मॅग्मा फिनकॉर्प प्रकरणात दिसतं. भाडेखरेदीवर घेतलेली महिंद्राची गाडी होती, ३५ पैकी ७ हप्ते भरले होते, पुढचे थकले आणि कंपनीनं गाडी उचलली. ग्राहक मंचानं ग्राहकाच्या बाजूनं निकाल दिला आणि तो राष्ट्रीय आयोगापर्यंत टिकला. सुप्रीम कोर्टानं तो फिरवला. सगळे हप्ते फिटेपर्यंत मालक कंपनीच, करारात अधिकार असेल तर गाडी परत घेणं बेकायदा नाही, त्याला चोरीही म्हणता येणार नाही. नोटिशीबद्दल कोर्ट म्हणालं की करारानुसार नोटीस देणं गरजेचं असेल आणि ती दिली नसेल तर ती सेवेतली त्रुटी. ग्राहकाच्या हाती पडले एकूण १५,००० रुपये.

निकाल कायद्याला धरून आहे, यात शंका नाही. पण १९६६ मध्ये कर वाचवताना जो व्यवहार ‘खरं तर कर्ज’ होता, तशाच व्यवहारात २०२० मध्ये वस्तू उचलताना कंपनी ‘खरी मालक’ ठरते, हे सामान्य माणसाच्या पचनी पडणं कठीण.

मग कोर्ट अटींना हात लावतच नाही का? लावतं. तीन ठिकाणी तर बऱ्यापैकी ठामपणे.

पहिलं ठिकाण वसुलीची पद्धत. करारात अधिकार असला तरी तो दांडगाईनं वापरता येत नाही. आयसीआयसीआय बँकेच्या प्रकरणात २००७ साली आणि सिटीकॉर्प मारुती फायनान्सच्या प्रकरणात २०११ साली सुप्रीम कोर्टानं हे बजावलं. दुसऱ्या निकालात भाडेखरेदीचा मुद्दाही घेतला आहे. कंपनी मालक असली तरी ताबा कायदेशीर मार्गानंच घ्यावा लागेल. २०२३ मध्ये पाटणा हायकोर्टानं बळजबरीनं गाड्या ओढणं हा जगण्याच्या हक्कावर घाला आहे असं म्हटलं. तो निकाल महाराष्ट्रातल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण दाखला म्हणून देता येतो. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ताब्यापूर्वी किती दिवसांची नोटीस, ती कधी लागणार नाही, लिलावाआधी पैसे भरायची शेवटची संधी, लिलाव कसा होणार, हे सगळं वित्तसंस्थेच्या करारात लिहिलेलं असायला हवं. ग्राहकाशी पत्रव्यवहार त्याला समजणाऱ्या भाषेत हवा. कवठ्याच्या शेतकऱ्याला इंग्रजीत आलेली नोटीस हा कोर्टात मांडता येण्यासारखा मुद्दा आहे.

दुसरं ठिकाण दंड. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात दंडाचा आकडा कितीही लिहिलेला असो, मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. दंडावर पुन्हा व्याज चढवायची सवय रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानं बंद केली. ते २०२४ मध्ये लागू झालं.

तिसरं ठिकाण लवाद. एकाच पक्षाला लवाद नेमायचा अधिकार देणारी अट समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं. आणि करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे २०१८ च्या एमार एमजीएफ प्रकरणापासून स्पष्ट आहे. चेन्नईला जायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. शिरूरकरांसाठी तो पुण्यात आहे. ट्रॅक्टर स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेला असेल तर शेतकरी ग्राहक ठरतो.

पुण्यात अर्धंच काम होतं

२०१९ च्या कायद्यात ‘अन्याय्य करार’ अशी नवी व्याख्या आली. ग्राहकाच्या हक्कांत मोठा फरक पाडणाऱ्या अटी असलेला करार म्हणजे अन्याय्य करार. उदाहरणं कायद्यातच दिली आहेत. अवाजवी अनामत, नुकसानीच्या मानानं भलताच मोठा दंड, मुदतीआधी कर्ज फेडू न देणं, कारण नसताना एकतर्फी करार तोडायचा अधिकार. अशी अट रद्दबातल ठरवायचा अधिकारही कायद्यानं दिला.

पण कुणाला? राज्य आयोगाला, आणि व्यवहार दहा कोटींच्या वरचा असेल तर राष्ट्रीय आयोगाला. जिल्हा आयोगाला नाही.

म्हणजे सहा-सात लाखांच्या ट्रॅक्टरच्या करारातली अट रद्द करून घ्यायची तर कवठे येमाईच्या माणसानं मुंबईचा राज्य आयोग गाठायचा. पुण्यातला आयोग सेवेतली त्रुटी बघेल, अनुचित व्यापारी प्रथा बघेल, भरपाई देईल. पण ‘ही अटच रद्द’ असं म्हणता येणार नाही. ऑनलाइन तक्रारीची सोय झाली आहे हे खरं, पण वकील, तारखा आणि खर्च मुंबईचाच. दारिद्र्य हाच ज्या कराराचा पाया आहे, त्यावरचा इलाज सगळ्यात लांबच्या कचेरीत ठेवणं हे काही शहाणपणाचं वाटत नाही.

त्यातल्या त्यात पुण्याच्या आयोगासमोर उपयोगी पडतो तो २०१९ चा पायोनिअर अर्बन निकाल. प्रकरण फ्लॅटचं होतं. खरेदीदाराला उशीर झाला तर १८ टक्के व्याज, बिल्डरला उशीर झाला तर ९ टक्के. सुप्रीम कोर्ट म्हणालं की छापील करारावर सही करण्यावाचून पर्यायच नव्हता अशी स्थिती असेल तर तो करार अंतिम मानायचा नाही, आणि अशा एकतर्फी अटी घालणं हीच अनुचित व्यापारी प्रथा. ट्रॅक्टरच्या करारालाही हा युक्तिवाद लागू करता येतो, आणि तो जिल्हा आयोगात चालतो.

आता एक विचित्र फरक बघा. तोच शेतकरी फायनान्स कंपनीऐवजी गावातल्या सावकाराकडे गेला आणि त्यानं जमिनीचं खरेदीखत लिहून घेतलं, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याचं कलम १८ मदतीला येतं. सहकार खात्याचा जिल्हा उपनिबंधक चौकशी करतो, व्यवहार सावकारीचा निघाला तर खरेदीखत अवैध ठरवतो आणि जमीन परत द्यायला सांगतो. १८७९ चा कायदा आज कुठे जिवंत असेल तर तो इथे. पण हा कायदा रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या वित्त कंपन्यांना लागू करता येत नाही. राज्यांचे सावकारी कायदे त्यांना लागू नाहीत, असा निकाल सुप्रीम कोर्टानं मे २०२२ मध्ये केरळ आणि गुजरातच्या प्रकरणांत दिला. सावकाराचा कागद उलटवायला सरकारी अधिकारी आहे, कंपनीचा उलटवायला ग्राहकच.

अन्याय्य अटींविरुद्ध सगळ्याच करारांना लागू होईल असा कायदा करा, असं विधी आयोगानं २००६ च्या १९९ व्या अहवालात सुचवलं होतं. सोबत विधेयकाचा मसुदाही जोडला होता. तो कायदा झालेला नाही.

तोवर प्रकरणं उभी राहतात किंवा पडतात ती कागदांवरच, फक्त वेगळ्या कागदांवर. ट्रॅक्टर गेल्यावर कंपनीची पुढची नोटीस येते ती लिलावानंतरच्या उरलेल्या बाकीची, आणि अनेक जण त्या वेळी पहिल्यांदा वकिलाकडे जातात. तेव्हा विचारलं जातं ते हे. ताबा घेण्याआधी नोटीस आली होती का, कोणत्या भाषेत, पाकीट जपून ठेवलंय का? खात्याचा उतारा आहे का, त्यात दंड वेगळा दाखवलाय की व्याजात मिसळलाय? ट्रॅक्टर लिलावात किती रुपयांना गेला, कुणी घेतला, त्याआधी पैसे भरायची संधी दिली का? कर्ज घेताना आरटीओच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या होत्या का? ऑक्टोबर २०२४ नंतरचं किरकोळ कर्ज असेल तर एकूण खर्च आणि सगळे आकार एका जागी सांगणारं मुख्य माहितीपत्रक मिळालं होतं का? यातलं काही हाताशी नसेल तर पहिला अर्ज कंपनीकडेच करायचा, खात्याचा पूर्ण हिशेब आणि कराराची प्रत मागणारा, आणि त्याची पोच घ्यायची.